दगडोबाची पावलं

चकतीत नवा सेल घालून आणायचा, एवढंच काम होतं. घड्याळवाल्याचं दुकान हॉस्पिटलच्या फाटकासमोरच होतं. आई एक्स-रे विभागातली दिवसपाळी संपवून, अंगावरचा पांढरा कोटसुद्धा न उतरवता तिथे गेली. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावून चकती उघडली आणि नाक मुरडलं. आतला सेल फुटून हिरवा पडला होता. त्याने पिनेने कोरून कोरून सगळं साफ केलं, नवा सेल बसवला आणि चकतीच्या इवल्याशा पडद्यावर एक शून्य उगवलं.

"हे घड्याळ नाही दिसत," तो म्हणाला.

"पावलं मोजायची चकती आहे. मुलीच्या गेमची."

"मग आता मुलीला भरपूर चालवा!"

त्या बिचाऱ्याला काय माहीत? आई हसल्यासारखं हसली आणि घराकडे निघाली.

हे चकतीचं प्रकरण आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आईची मुलगी अकरा वर्षांची. पायाला भिंगरी लावल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून बाबाने तिचं नावच भिंगरी ठेवलं आणि खरं नाव शाळेपुरतं उरलं. तिच्याकडे हातात मावणारं एक गेमचं मशीन होतं. त्यातला खेळ म्हणजे रानावनात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचं. साधे प्राणी झुडपातून उड्या मारत यायचे. पण त्या खेळात एक संग्रहालयही होतं आणि तिथे दगडात गाडलेले, कोण जाणे कोणत्या काळात मेलेले प्राणी मिळायचे. छिन्नीने दगड फोडायचा, एकेक हाड मोकळं करायचं, सांगाडा जुळवायचा आणि काचेच्या टाकीत ठेवायचा. मग तो जिवंत व्हायचा, पण फुकट नाही. त्याला पावलं लागत. खरी, जमिनीवर टाकलेली पावलं. त्यासाठी ती चकती होती. दिवसभर कमरेला लावून चालायचं आणि संध्याकाळी मशीनला टेकवायची, की मोजलेली पावलं टाकीत जमा.

बाबा पाण्याचे मीटर वाचायचा. बोळाबोळांतून, जिने चढत-उतरत त्याची सकाळपासून पायपीट चाले. असा माणूस घरात असताना भिंगरी स्वतः कशाला चालतेय! तिने पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. "बाबा, चालणं तुझं, खेळणं माझं." बाबाला काय, मुलीने सांगितलं की झालं. संध्याकाळी दारात चपला काढायच्या आधी तो पट्ट्याची चकती काढून तिच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या सरकार, आजची कमाई." मशीन टुर्रर्र करून पावलं गिळायचं. टाकीतल्या सांगाड्यावर एखादा स्नायू उगवायचा, कधी कातडीचा तुकडा. बापलेक डोक्याला डोकं लावून बघत बसायचे.

सांगाडा जुळवताना मात्र एक घोटाळा झाला होता आणि तो आईचा होता. मागचे पाय कोणते कुठे, यावर दोघांचं घोडं अडलेलं असताना ती कामावरून आली. तिने पडद्यावर एक नजर टाकली आणि दिवसभर हाडंच बघणाऱ्या बाईने सांगावं तसं सांगून टाकलं, "अरे, सोपं आहे. तो आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं. त्याचं उजवं ते आपलं डावं." एक्स-रे विभागात प्रत्येक फिल्म तशीच वाचतात. पण दगडातला प्राणी काही फिल्म काढायला उभा नव्हता. तो बिचारा पालथा पडून मेला होता. भिंगरीने आईच्या शब्दावर उजवा पाय डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला, मशीनने 'सांगाडा पूर्ण' म्हणून तुतारी वाजवली आणि सांगाडा गोल फिरला तेव्हा दिसलं, की तोंड एकीकडे आणि पावलं दुसरीकडे! आता बदलायची सोय नव्हती. भिंगरी उचकी लागेपर्यंत हसली. आई ओशाळली. बाबा म्हणाला, "असू दे गं. आपला दगडोबा चालेल पुढे आणि बघेल मागे. निदान मागून येणारी गाडी तरी दिसेल त्याला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भिंगरीला शाळेतून आणताना बाबाच्या स्कूटरवर मागून टेम्पो आला. बाबा जागेवरच गेला. भिंगरीची एक मांडी आणि दुसऱ्या पायाची नडगी मोडली.

हाडं जुळली. प्रत्येक फिल्म आईने स्वतः काढली होती, स्वतः पाहिली होती. पण भिंगरी उभी राहीना. पलंगावरून पाय खाली सोडले आणि तळवा फरशीला लागला की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. फिजिओताई रोज यायच्या, गोडीगुलाबीने सांगायच्या, कधी खोटं खोटं रागवायच्या. शेवटी त्यांनीही हात टेकले. एकदा आईने मिठीत घेऊन खोदून खोदून विचारलं, तेव्हा भिंगरी भिंतीकडे बघत म्हणाली, "उभं राहिलं की मागून येतं."

"काय येतं?"

"मागून येतं," ती पुन्हा म्हणाली. झोपतानासुद्धा ती पाठ भिंतीला लावून झोपायची.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत मुलगी उभी राहिली नाही, तर पोटऱ्या आखडतील. मग ऑपरेशन करावं लागेल आणि त्यानंतरही ती सरळ चालेलच असं नाही. आईचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला होता. नवऱ्यासाठी रडायला तिला अजून सवडच मिळाली नव्हती.

म्हणून, भिंगरीने इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काही मागितलं आणि तेही मशीन आणि चकती, तेव्हा आईला आकाश ठेंगणं झालं. बाबाचा पट्टा हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत तसाच होता, चकती त्यावरच होती. सेल घालून आणल्यावर आईने मनाशी एक डाव रचला.

"हे बघ, दगडोबा अर्धवट राहिलाय," ती पलंगावर बसत म्हणाली. "उरलेली पावलं आता तूच टाकायची. रोज थोडी. मी धरते ना तुला."

भिंगरीने तिच्याकडे अशी नजर टाकली, की जणू आईच खुळी. "चालणं बाबाचं आहे, आई. माझं नाही. चकती त्याच्या पट्ट्याला लाव आणि पट्टा त्याच्या खुंटीला."

पण हट्ट मोडायचा कसा? तिने पट्ट्याला चकती लावली आणि बोळातल्या खुंटीवर पट्टा अडकवला. त्यांचं घर म्हणजे एक लांबोडका बोळ होता. एका टोकाला भिंगरीची खोली, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, मधे बाहेरचं दार आणि दाराशेजारी ती खुंटी.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून आली, तर भिंगरी उशीला टेकून बसली होती आणि तिच्या गालांवर रंग होता. "आई, चकती दे ना, पावलं आलीत."

आईने खुंटीवरची चकती पाहिली. शून्य नव्हतं. चांगला चार आकडी आकडा होता. तिने चकती मशीनला टेकवली, टुर्रर्र झालं आणि टाकीतल्या दगडोबाच्या पाठीवर करड्या खवल्यांची एक रांग उमटली.

भिंगरीच्या सोबतीला दिवसभर एक मावशी असायच्या. आईला वाटलं, हे त्यांचंच काम. मुलीला बरं वाटावं म्हणून कमरेला लावून फिरल्या असतील. त्या निघताना आईने हळूच त्यांचे आभार मानले, तर मावशींनी कानांवर हात ठेवले. "मी कशाला हात लावू हो त्यांच्या पट्ट्याला? दुपारी जेवण झालं की आम्ही दोघी घटकाभर पडतो. मला तर मेली लगेच झोप लागते." आणि मग, जिना उतरता उतरता, "तुमच्याकडे दुपारी ओल येते का हो भिंतींना? वास येतो... विहीर उपसल्यासारखा."

नव्या सेलचा दोष असेल, आईने ठरवलं. वाऱ्याने पट्टा हलत असेल. माणसाला एकदा कारण हवं असलं की ते सापडतंच. रोज संध्याकाळी आकडा वाढलेला असायचा, रोज दगडोबाला काहीतरी नवं फुटायचं आणि आई रोज वाऱ्यावर ढकलून मोकळी व्हायची.

असंच चाललं असतं. पण एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटल्या. आजींचे गुडघे कामातून गेलेले, कान मात्र शाबूत. त्यांनी आईचे दोन्ही हात हातांत घेतले.

"देव पावला गं बाई! पोर चालायला लागली."

"कोण?"

"अगं, भिंगरी! दुपारभर ऐकते ना मी. डोक्यावरच तर चालते. पाऊल टाकते, थांबते, पुन्हा टाकते... मी म्हणते, घाई नको करू, होईल सवय हळूहळू." आजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "फक्त वजन जरा वाढलंय का गं तिचं? बसून बसून होतं तसं."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिने 'हो, हो' म्हटलं आणि कठड्याला धरून घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. मावशींना सांगितलं, आज येऊ नका. दुपारी जेवणं झाली, भिंगरी पाठ भिंतीला लावून पडली, आई स्वयंपाकघरात दाराआड स्टुलावर बसली. हातात भाजी निवडायला घेतली होती, ती तशीच राहिली. बाहेर लख्ख ऊन होतं. तुम्हाला वाटेल, असल्या गोष्टी अंधारातच होतात. पण भरदुपारी सगळी इमारत झोपलेली असते, नळ बंद, रेडिओ बंद, जिन्यात कुत्रंसुद्धा नाही, तेव्हाची शांतता काही कमी नसते. आईला स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. मग तोही येईनासा झाला, कारण ती श्वास रोखून बसली होती.

आधी वास आला. विहीर उपसल्यावर येतो तसा गार, जुन्या दगडाचा.

मग खुंटीवर पट्ट्याचं बक्कल एकदा खणकलं.

मग पाऊल. जड, अनवाणी. थांबणं. आणखी एक पाऊल. समोर बघत चालणारा माणूस असा चालत नाही. मागे काही लागतंय का, ते चाचपत आणि मग भार टाकत कोणी चालावं, तशी ती पावलं होती. भिंगरीच्या खोलीच्या दारापासून ती निघाली आणि आईच्या दिशेने येऊ लागली. आईने दाराच्या फटीतून पाहिलं. बोळात कोणी नव्हतं. फरशीवर उन्हाचा पट्टा पडला होता आणि त्यातले धूलिकण मधूनच बाजूला सरत होते. पावलं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, तिथे थांबली आणि पुन्हा मुलीच्या खोलीकडे जाऊन तिथून नव्याने निघाली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. रंगीत तालीम करावी तशी.

तरी ती उठली. आई होती ना. पावलं खोलीच्या दाराशी गेलेली असताना ती धावत खुंटीपाशी गेली, चकती ओरबाडून काढली, नखाने तिचं झाकण उचकटलं आणि सेल बाहेर काढला. पावलं थांबली. वास विरला. बोळ पुन्हा साधासुधा बोळ झाला.

"आई!" आतून भिंगरी किंचाळली. "काय केलंस? थोडीच राहिली होती!"

आई खोलीत गेली. भिंगरी टक्क जागी होती. रोज जागीच असायची, हे आईला तेव्हा कळलं.

"तुला ऐकू येतं?" आईने कुजबुजत विचारलं.

"येतं की."

"आणि... भीती नाही वाटत?"

भिंगरीने मान हलवली. "तो माझ्याकडे बघत चालतो, आई. सारखा माझ्याकडेच बघतो. मग माझ्या मागून काही आलं तर त्याला आधी दिसेल ना."

आई पलंगाच्या कडेवर बसली. सेल मुठीत होता, इवलासा, गार. हा जर तिचा बाबा असेल, तर त्याला घरातून हाकलायचं कोणत्या तोंडाने? आणि नसेल, तर कोणाला आपण आपल्या लेकरापाशी येऊ देतोय? कोण सांगणार? फिल्म काढून बघता आली असती तर तिने काढली असती. शेवटी तिने भिंगरीच्या पायांकडे पाहिलं. काठीसारखे बारीक झालेले ते पाय पाहून तिला रडू फुटलं, सगळ्या महिन्यांचं एकदम. भिंगरी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

डोळे पुसून आई उठली. तिने सेल चकतीत घातला, चकती पट्ट्याला लावली, पट्टा खुंटीवर अडकवला. मग बोळात, कोणाच्याही दिशेने न बघता, ती म्हणाली, "तू जो कोणी असशील... तिला पाडू नकोस. एवढंच." आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पावलं पुरी झाली. दिवे नुकतेच गेले होते. आई चकती भिंगरीच्या हातात देऊन मेणबत्ती शोधत होती, तेवढ्यात मशीनने कधी न ऐकलेला सूर काढला आणि भिंगरी ओरडली, "आई! उठला! दगडोबा उठला!"

आई धावली. अंधाऱ्या खोलीत मशीनचा पडदा तेवढा उजळला होता. टाकीतलं पाणी निथळून गेलं होतं आणि काचेबाहेर तो उभा होता, करडा, खवल्याखवल्यांचा, अवजड. डोळे मात्र मवाळ. पावलं उलटी. खेळात बाकीचे प्राणी मालकाच्या मागे मागे चालतात. भिंगरीने बटण दाबलं तशी पडद्यावरची छोटी मुलगी चालू लागली आणि दगडोबा तिच्या मागे न येता पुढे गेला. पुढे गेला आणि तोंड तिच्याकडे. ती एक पाऊल टाकी, तो एक पाऊल सरके, आणि सगळा वेळ तिच्याकडे बघत राही.

"बघितलंस? मी सांगितलं होतं ना!" भिंगरी आईला म्हणाली. आनंदाने तिचा आवाज चिरकला होता.

"बघितलं हो, बघितलं." आईला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही. "थांब, मेणबत्ती आणते. डोळे फुटतील."

ती स्वयंपाकघरात गेली. काडी ओढली, मेणबत्तीने पेट घेतला, आणि त्याच क्षणी तो वास आला. विहिरीचा. आईने मागे वळून बोळाकडे पाहिलं.

बोळाच्या त्या टोकाला, खोलीच्या दारात, भिंगरी उभी होती.

पलंगाला धरून नाही, भिंतीला टेकून नाही. उभी. दोन्ही हात पुढे, कमरेच्या जरा वर, आणि बोटं वाकलेली. लहान मूल पहिल्यांदा चालायला लागतं तेव्हा त्याचे हात धरून कोणी मोठं माणूस त्याच्यापुढे पाठमोरं सरकत जातं. ते माणूस वजा केलं तर मूल जसं दिसेल, तशी ती दिसत होती. तिची पाठ मोकळी होती, तिच्यामागे सगळी अंधारी खोली पसरली होती आणि ती एकदाही मागे वळून बघत नव्हती. ती वर बघत होती, कोणाच्या तरी चेहऱ्याकडे.

जड पाऊल पडलं. मग भिंगरीचं हलकं पाऊल. पुन्हा जड. पुन्हा हलकं.

हाक मारावी की मारू नये, आईला कळेना. हाक मारली आणि दचकून पडली तर? मेणबत्तीचं मेण बोटांवर ओघळत होतं, ते तिला कळलंसुद्धा नाही. भिंगरीने दाराजवळची खुंटी ओलांडली, निम्मा बोळ ओलांडला. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता, गुडघे लटपटत होते, पण ती येत होती. आणि तिच्यापुढे, आईच्या दिशेने, न दिसणारं काहीतरी पाठमोरं येत होतं. गारवा आधी आला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. आई उंबऱ्यात खिळून उभी होती.

"आई," भिंगरी धापा टाकत, पण अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाजूला हो ना. त्याला मागचं दिसत नाही."

आई बाजूला झाली. तिच्या खांद्याला घासून काहीतरी गेलं, खरबरीत, आणि इतकं हळुवार, की जणू धक्का लागू नये म्हणून त्यानेही अंग चोरलं होतं. मग उंबरा ओलांडून भिंगरी आत आली आणि आईने तिला कवेत घेतलं. दोघी तशाच फरशीवर बसल्या. मेणबत्ती कधी विझली, कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवे आले तेव्हा दोघी रडून रडून हसत होत्या आणि खालून आजी काठीने छत ठोकून विचारत होत्या, "काय गं, पडली की काय पोर?"

"नाही आजी!" आई खिडकीतून ओरडली. "चालली!"

आजी म्हणाल्या, "त्यात काय नवीन?"

त्यानंतर बोळात दुपारची पावलं वाजली नाहीत. वास आला नाही. चकतीवर शून्य तसंच राहिलं. भिंगरी आधी बोळभर, मग जिन्यापर्यंत आणि मग आजींकडे जाऊन येण्याइतकी चालू लागली. फिजिओताईंनी सगळं श्रेय स्वतःच्या व्यायामाला दिलं आणि आईने ते त्यांना खुशाल घेऊ दिलं. रात्री झोपताना भिंगरी आता कोणत्याही कुशीवर झोपायची. आईला मात्र दुपारी सुट्टी असली की बोळ फार रिकामा वाटायचा. हे तिने कोणाला सांगितलं नाही. जो होता तो काम करून गेला, असं तिने मनाला समजावलं. एका रात्री ती नवऱ्यासाठी पोटभर रडली आणि सकाळी तिला हलकं वाटलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी भिंगरीला दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि ऑपरेशनचं नावही काढलं नाही. फक्त म्हणाले, "उभ्याने एक फिल्म काढून आणा. दोन्ही पायांवर भार सारखा पडतोय का, ते बघू." भिंगरी आईचं बोट न धरता एक्स-रे विभागात गेली. रस्ताभर ओळखीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईची मान ताठ झाली होती.

आईने तिला एक्स-रेच्या पाटीसमोर उभं केलं, पावलं नीट जुळवली, दार लावलं आणि शिशाच्या काचेआड येऊन उभी राहिली. असल्या फिल्म तिने आयुष्यभर काढल्या होत्या. बाहेर दारावरचा लाल दिवा लागला. काचेतून तिने पाहिलं. भिंगरी सरळ उभी होती, हनुवटी वर, एखाद्या शिपायासारखी. फक्त एक हात पुढे आला होता.

"भिंगरी, हात खाली सोड बघू," आई माईकमध्ये म्हणाली. "फिल्ममध्ये येतोय."

"मी कधीच सोडलाय, आई," आतून आवाज आला. "तोच सोडत नाहीये."

आईने काचेला कपाळ टेकवलं. तो हात कमरेच्या जरा वर, हवेत होता, सैल, कोपर लोंबतं. बोटांची टोकं पांढरी पडली होती, कोणी घट्ट धरल्यावर पडतात तशी. भिंगरीच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. थोडा वैताग होता, मोठं झाल्यावरही रस्ता ओलांडताना हात धरणाऱ्या माणसाबद्दल मुलांना असतो तसा.

"कोण, भिंगरी?" आईने विचारलं.

भिंगरीने खांदे उडवले.

बाहेर पुढचा पेशंट खोकला. मग आईने माईकचं बटण दाबलं आणि तिचा आवाज तिला वाटलं होतं तितका कापला नाही.

"त्याला म्हणावं, क्षणभरच सोड. ती आता उभी राहते. पडायची नाही."

तो छोटा हात सावकाश खाली आला, झोपलेल्या मुलाचा हात अंथरुणावर ठेवावा तसा मांडीशेजारी ठेवला गेला आणि बोटांच्या टोकांना हळूहळू रंग चढला. भिंगरी एकटी, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभी होती. आईने फिल्म घेतली.

लाल दिवा विझायच्या आत तो हात पुन्हा वर उचलला गेला.